डाव्या सीटचा आवाज

"मामा, थांबा! ती तार लावू नका!"

दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून मी एवढ्या जोरात ओरडले, की रेवणमामांच्या हातातली पक्कड रस्त्यावर पडली. दुकानासमोर एक जुनी हेराल्ड उभी होती. फिक्या हिरव्या रंगाची, दोन दारांची, आणि कॅनव्हासचं छप्पर मागे दुमडून ठेवलेली. मिरजेत तेव्हा तशी उघडी गाडी दुसरी नव्हती. मामा तिच्या बॉनेटात वाकून बॅटरीला नवा कोरा टेप जोडायच्या बेतात होते. गिऱ्हाईकाला आवाज ऐकवायचा, मग भाव सांगायचा, ही त्यांची पद्धत.

मी मीटर घेऊन धावत गेले आणि दोन तारा टेकवून बघितल्या.

"हिच्या बॉडीला प्लस आहे. जुन्या गाड्यांत असायचं तसं. तुम्ही नेहमीसारखी काळी तार बॉडीला लावली असती, तर टेप जळला असता."

मामांनी मीटरचा काटा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. आजूबाजूला चारदोन माणसं जमली होती. वीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला भर बाजारात भाचीनं चूक दाखवावी, हे काही बरं झालं नव्हतं. पण टेप तरी वाचला होता.

स्टिअरिंगवर बसलेल्या बाई मात्र हसल्या. साठीच्या, बुटक्या, पांढऱ्याशुभ्र साडीला इस्त्री अशी कडक की बघणाऱ्यानं आपला पदर सावरावा. मी त्यांना ओळखत होते. मिरजेत कोण ओळखत नव्हतं? सिस्टर एस्तर रणभिसे. चाळीस वर्षं दवाखान्यात नर्स होत्या, नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. निम्म्या गावाला त्यांनी कधी ना कधी सुई टोचलेली होती. त्यांचे मिस्टर शमुवेल त्याच दवाखान्यात ॲम्ब्युलन्स चालवायचे. एक डॉक्टरसाहेब परदेशी कायमचे निघाले तेव्हा ही गाडी त्यांना देऊन गेले. शमुवेल गेल्याला वर्ष होत आलं होतं.

"नाव काय तुझं?" सिस्टरांनी विचारलं.

"नंदा. महानंदा."

"कुठं शिकलीस हे?"

"आयटीआयला. रेडिओ-टीव्हीचा कोर्स केलाय."

"मग मागं अंधारात काय करतीस?"

याचं उत्तर मामांनीच द्यायला हवं होतं. पण ते पक्कड शोधण्यात गुंतले होते. खरं म्हणजे मला गावाकडून आणून त्यांनी आसरा दिला होता, झारकाम, म्हणजे तारा सोल्डर करायचं काम, करू देत होते, आणि त्याचं मी ऋणही मानत होते. फक्त माझं टेबल होतं मोरीच्या शेजारी, खोक्यांच्या मागे. दिवसाढवळ्या चाळीसचा बल्ब लावून डाग द्यायचे आणि बोटं भाजून घ्यायची. पुढच्या टेबलावर रस्त्याचा उजेड यायचा, पण तिथं गिऱ्हाइकं यायची. पोरगी दिसली की लोक दुरुस्ती टाकत नाहीत, असं मामांचं म्हणणं होतं.

मामांनी मग मोठ्या उत्साहानं माल दाखवायला घेतला. चार स्पीकर, ॲम्प्लिफायर, डिकीत बसवायचा अर्ध्या पोत्याएवढा बूफर. "उघडी गाडी आहे सिस्टर, आवाज दणदणीत पाहिजे. तिकडच्या चौकातल्या माणसाला कळलं पाहिजे गाडी आली म्हणून."

"त्या माणसाला कशाला कळायला पाहिजे?" सिस्टर म्हणाल्या. "मला स्वस्तातलं पाहिजे. गाणी ऐकायची नाहीत मला. बोलणं ऐकू यायला पाहिजे. गाडी चालू असताना. एकच स्पीकर बसवा, डावीकडं, उंचावर."

"एकाच स्पीकरचं कोण बसवतं?"

"ही बसवेल," त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिलाच करू दे."

मामांचा चेहरा पडला. पण त्या बाईंना नाही म्हणायची सोय नव्हती. मामांच्या मुलाच्या टायफॉइडात सिस्टरांनी रात्री जागवल्या होत्या. ते माझ्याकडे वळून हळूच, पण माझ्याशिवाय आणखी तिघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एवढी हुशार आहेस ना, कर मग तू. सिस्टरांच्या पसंतीला उतरलं तर पुढचं टेबल तुझं. न्हाई उतरलं, तर हे पोरखेळ बंद. आषाढ संपायच्या आत गावाकडं जायचं आणि आक्का म्हणंल त्या स्थळाला हो म्हणायचं."

आक्का म्हणजे माझी आई, त्यांची थोरली बहीण. मी हो म्हटलं. चोविसाव्या वर्षी माणूस कशालाही हो म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सिस्टर मला गाडीतून चक्कर मारून आणायला आल्या. उघड्या गाडीत काय ऐकू येतं आणि काय नाही, ते चालत्या गाडीत बसल्याशिवाय कळणार नव्हतं. मी मांडीवर दुकानातला टेप आणि एक साधा स्पीकर घेऊन डावीकडे बसले. सिस्टरांचं गाडी चालवणं अजब होतं. नवरा गेल्यावर त्यांनी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये पैसे भरून शिकून घेतलं होतं. पण स्टिअरिंग अशा धरायच्या, जसं पेशंटला उठवून बसवतायत. पहिला गिअर, दुसरा, फार तर तिसरा. त्यापुढं गाडी कितीही विव्हळली तरी त्या हात लावायच्या नाहीत.

"सिस्टर, चौथा टाका की."

"त्याची काही गरज पडत नाही."

तिसऱ्यातसुद्धा वाऱ्यानं माझा आवाज उडून जात होता. टेपमधलं बोलणं तर नुसतं किरकिर वाटत होतं. छपराची गाडी आवाज आत कोंडून ठेवते. इथं तो निघाला की गेला शेतात. मी मनात हिशेब मांडत होते, आणि सिस्टर क्लच दाबायला विसरून गिअरचा कडकडाट करत होत्या. प्रत्येक कडकडाटाला त्या पटकन डावीकडे बघायच्या आणि मी दिसले की परत समोर. मला वाटलं, माझ्यासमोर त्यांना लाज वाटते आहे.

आठवडाभर मी स्वतःला त्या कामाला जुंपून घेतलं. टेपची बॉडी गाडीला लागू नये म्हणून तो लाकडी पेटीत, खाली रबर घालून बसवला. रेडिओची एरियल लागणार नव्हती, म्हणून बिनरेडिओचा टेप घेतला. तो स्वस्तही पडला. इथवर सगळं चोख झालं. आणि मग मी शहाणपणा केला. सिस्टरांनी एक स्पीकर सांगितला होता, उंचावर सांगितला होता. मी म्हटलं, म्हातारी माणसं, पैसे वाचवायला एक म्हणत असतील. त्याच पैशांत मी दोन बसवले, दोन्ही दारांत, खाली, जसे सगळ्या चांगल्या गाड्यांत असतात तसे. आवाज तपासायला पेपरमधले बाजारभाव मी स्वतः वाचून टेप केले आणि तेच तेच ऐकत बसले. कांदा, गूळ, हळद. स्वच्छ ऐकू येत होतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

गुरुवारी सिस्टर आल्या. पर्समधून रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट काढली.

"जरा लांब उभी राहा, बाळ," म्हणाल्या.

मी पायरीवर गेले. मामा दारात येऊन उभे राहिले. सिस्टरांनी कॅसेट घातली, आवाज बारीक केला आणि मान वाकवून ऐकू लागल्या. मिनिटभर. त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला, जसं ओळखीच्या घरी जावं आणि दार परक्यानं उघडावं. त्यांनी कॅसेट काढून परत रुमालात गुंडाळली.

"पायातून बोलतंय हे," त्या म्हणाल्या. "मी उंचावर सांगितलं होतं. आणि छाती नाही आवाजाला."

"कसली छाती?"

"आवाजाला छाती असते गं. आधीच थोडी राहिली होती, ह्यात तीही गेली."

मामांनी जाऊन पुढचं टेबल फडक्यानं पुसलं, आपल्यासाठी.

"रविवारी सकाळी मला जायचंय," सिस्टर म्हणाल्या. "वर्ष पूर्ण होतंय. तोवर होईल का?"

"होईल," मी म्हटलं. कसं होईल याची मला काडीचीही कल्पना नव्हती. सिस्टर गाडी तिथंच ठेवून चालत गेल्या. मी मोरीशेजारी जाऊन रडले. टेबलापायी रडले, हे कबूल करायला मला आज लाज वाटत नाही.

आमच्या दुकानाशेजारून जी गल्ली आत जाते, ती तंबोरे-सतारी करणाऱ्यांची. तोंडाशीच दस्तगीरचाचांचा कारखाना होता. कारखाना कसला, एक लांब खोली, आणि आढ्याला टांगलेले मोठमोठे वाळलेले भोपळे. त्याच भोपळ्याचा तंबोऱ्याला पोट म्हणून उपयोग होतो. चाचा खाली बसून लाकडावर रंधा मारत होते.

"चाचा, आवाजाला छाती कुठं मिळते?"

त्यांनी रंधा थांबवला. माझे डोळे बघितले, पण त्याबद्दल काही विचारलं नाही. "आमच्याकडं मिळते की," म्हणाले. "दुसरं काय विकतो आम्ही?"

मी सगळं सांगितलं. ते उठले, आढ्याखालून फिरत एकेका भोपळ्यावर बोटाचं पेर वाजवत गेले आणि कान देऊन ऐकत राहिले. कोपऱ्यातला एक काढला. मधोमध चीर गेलेला.

"हा तंबोऱ्याला चालायचा न्हाई. चीर आहे. पण बोलायला चालंल. माणसाच्या छातीएवढा आहे बघ."

चाचांनी त्याचं तोंड कापून दिलं, चिरीला सरस भरला. मी दारातला एक स्पीकर काढून त्यात बसवला. वाजवला, तर माझे बाजारभाव कुणीतरी विहिरीतून सांगावेत तसे घुमायला लागले. मी हताश होऊन आत कापूस कोंबायला लागले तशी चाचांनी माझा हात धरला.

"घाई न्हाई करायची. पाठीला भोक पाडू. एकदम मोठं न्हाई, कानस घ्यायची आणि ऐकत जायचं. जास्त झालं की परत बुजवता येत न्हाई."

दोन दिवस आम्ही तेच केलं. चाचा चार वेळा कानस फिरवायचे, मी टेप लावायचे. "अजून," ते म्हणायचे. पुन्हा चार वेळा. "अजून जरा." ते मीटरकडे बघत नव्हते. डोळे मिटून भोपळ्यावर तळहात ठेवायचे. शनिवारी दुपारी त्यांनी कानस खाली ठेवली. माझा तो पिचका आवाज भोपळ्यातून असा येत होता, जशी कुणी भरदार बाई समोर बसून गुळाचा भाव सांगते आहे. आम्ही दोघंही हसलो. चाचांनी पैसे घेतले नाहीत. चीर गेलेल्या मालाचे पैसे घेत नाहीत म्हणाले.

रविवारी सकाळी सिस्टर आल्या तेव्हा मी भोपळा डाव्या सीटवर बसवलेला होता. बसलेल्या माणसाचं तोंड जिथं येईल, त्या उंचीला.

"हा हलेल," सिस्टर म्हणाल्या. डिकीतून त्यांनी ॲम्ब्युलन्सच्या स्ट्रेचरचा जुना पट्टा काढला आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं दोन झटक्यांत भोपळा सीटला आवळून टाकला. मग जरा मागे होऊन त्याच्याकडे बघितलं.

"तू मागं बस. तार निघाली तर मला काय कळणार?"

मामा दारातून बघत होते. उघड्या गाडीत पुढं सिस्टर, शेजारी पट्ट्यानं बांधलेला भोपळा, आणि मागच्या सीटवर मी, तारा जोडायची पक्कड मांडीवर घेऊन. अख्खी मिरज आमच्याकडे बघत होती. सिस्टरांनी गावाबाहेर येईपर्यंत टेप लावला नाही. वस्ती संपली तिथं गाडी बाजूला घेतली, रुमाल सोडला आणि कॅसेट घातली.

आधी नुसती खरखर. मग एक खोकला. आणि डाव्या सीटवरून माणूस बोलला.

"हं. बसलीस का? सीट पुढं घे, तुझं पाय आखूड हायत. आता आरसा बघ. तोंड बघाय न्हवं, मागचं बघाय."

सिस्टरांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. त्यांनी सीट पुढं घेतली आणि आरसा बघितला.

"किल्ली फिरव. पहिला टाक. आता हळू सोड क्लच. हळू. एस्तर, हळू म्हटलं ना!"

गाडीनं गचका खाल्ला आणि बंद पडली.

"पडली न्हवं बंद?" भोपळा म्हणाला. "मला ठावं होतं. परत कर."

सिस्टर एवढ्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. का रडता रडता हसल्या, ते मला पाठीमागून कळलं नाही. मला एवढंच कळलं, की गेला आठवडाभर मी कशासाठी स्पीकर बसवत होते ते मला ठाऊकच नव्हतं.

गाडी निघाली. आवाज वाऱ्यात उडत नव्हता. तो त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर होता, जिथून इतकी वर्षं यायला हवा होता तिथूनच. "तानंगच्या फाट्याला आलीस की मला परत चालू कर. तवर मी दम खातो," असं म्हणून तो थांबला, आणि सिस्टरांनी टेप बंद केला. फाट्याला परत लावला.

"आता रस्ता सरळ हाय. चौथा टाक. भिऊ नको. मी हाय की."

सिस्टरांचा हात गिअरवर गेला आणि तिथंच राहिला. मग त्यांनी क्लच दाबला आणि दांडा खाली ओढला. कसलाही कडकडाट झाला नाही. गाडीचं विव्हळणं थांबलं आणि ती गुणगुणायला लागली. त्यांचा पदर सुटून मागे माझ्या तोंडावर आला. तो मी हातात धरून ठेवला.

भोसे गाव ओलांडून आम्ही दंडोबाच्या डोंगराचा घाट चढलो. प्रत्येक वळणाला तो सांगत होता. हॉर्न दे. आतल्या बाजूनं घे. समोरनं बैलगाडी आली तर तिला आधी जाऊ दे, तिला ब्रेक नसतो. मधून मधून खोकला यायचा आणि तो थांबायचा. त्या खोकल्यात सिस्टर मान हलवायच्या, जशा पेशंटला धीर देतात. वर सपाटीला आल्यावर तो म्हणाला, "हँडब्रेक ओढ. गिअरमधी ठेव. इंजन बंद कर, टेप चालू ऱ्हाऊ दे."

खाली सगळा मुलूख पसरला होता. ऊन कोवळं होतं. टेपवर जरा वेळ नुसती खरखर होती.

"एस्तर, सायबांना फिरवलं, पेशंट फिरवलं. तुला म्हणत ऱ्हायलो, रिटायर झालो की छप्पर काढून दंडोबाला जाऊ. त्ये ऱ्हायलं. तुला गाडी शिकवली असती तर तू आपली आपण गेली असतीस. पर मी तुला स्टेरिंगला हात लावू दिला न्हाई. चुकलंच माझं. आता परतीचा रस्ता मी सांगत न्हाई. आलीस तशी जाशील."

आणि त्यामागून, लांबून, एका बाईचा खणखणीत आवाज आला: "रणभिसे, पडून राहायला सांगितलंय ना? गोळी घ्या बघू." खट् झालं आणि टेप संपला.

"ही मीच," सिस्टर म्हणाल्या. "माझी ड्युटी होती त्या वॉर्डात. मला बघून टेप उशीखाली लपवला असेल त्यानं. तो गेल्यावर चादर बदलताना मला ही कॅसेट सापडली. वर लिहिलं होतं, गाडीतच ऐकणे. मला तर गाडी येत नव्हती. मग शिकले. सुरुवातीचं मिनिटभर ऐकलं होतं, पुढचं नाही. तो म्हणाला तसंच ऐकायचं होतं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग खाली उतरल्या, स्ट्रेचरचा पट्टा सोडला, तारा काढायला मला सांगितलं आणि भोपळा उचलून मागच्या सीटवर ठेवला.

"ये, पुढं बस."

परतीला त्या चौथ्यातच होत्या. मी डावीकडे बसले होते आणि आम्ही गप्पाही मारल्या, वाऱ्यावर ओरडून. दुकानासमोर त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी हिसका देऊन अडखळायला लागली.

"क्लच!" माझ्या तोंडून गेलं.

त्यांनी झटकन डावीकडे बघितलं. क्लच दाबला, गाडी नीट उभी केली, आणि मग माझ्या गालावर हात फिरवला.

मामा पायरी उतरून आले. "काय सिस्टर? आलं का ऐकू?"

"आलं. पण आता हे मला लागणार नाही."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आक्काला पत्र लिहायला आताच बसणार आहेत. मी मान खाली घातली. सिस्टरांनी मला भोपळ्याच्या तारा परत जोडायला सांगितल्या, कॅसेट मागे घेतली आणि बटण दाबलं.

"...भिऊ नको. मी हाय की."

मामा दचकून दोन पावलं मागे सरले. "रणभिसे!" ते म्हणाले. "हा तर रणभिसे ड्रायव्हर! आजारी पडायच्या आधीचा!"

सिस्टरांनी टेप बंद केला. मामांनी खिशातला रुमाल काढून नाक शिंकरलं आणि ते आत गेले. आतून खोके ओढल्याचा आवाज आला. मी दारात गेले, तर ते एकट्यानं माझं टेबल मोरीजवळून रेटत पुढं आणत होते.

"धर की त्या बाजूनं, बघत काय उभी राहिलीस," ते म्हणाले. "इथं उजेड चांगला येतो."